लेकीच्या गावची हद्द

आपली जमीन बालाघाटात येत नाही, अशी शपथ प्लॉटची दलाली करणाऱ्या खेमराजनं आयुष्यात एकदाच घेतली. तीही सायकलच्या घंटीवर हात ठेवून, कारण जवळपास देऊळ नव्हतं.

एरवी त्याचा धंदा नेमका उलटा होता. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा नागपूर दुसऱ्या राज्यात राहिलं, आणि ज्यांना तिकडे जाऊन मोठं व्हायचं होतं त्यांनी बालाघाटवर भागवायचं ठरवलं. शहर वाढू लागलं. भरवेलीच्या खाणीतले बाबू, कोर्टातले कारकून, मास्तर, तांदळाच्या गिरण्यांचे मुनीम, सगळ्यांना घर हवं होतं. खेमराज त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून भरवेलीच्या रस्त्यानं बराच वेळ नेई आणि बोरीच्या काट्यांत उभं करून सांगे, "हे बालाघाटच आहे जी. स्टेशन त्या झाडामागं." झाड खरंच असे. त्याच्यामागे दुसरं झाड असे. तिथं त्यानं पाटीही ठोकली होती : 'गोकुळ कॉलनी, ऐन बालाघाट शहरात.'

त्या पाटीखाली उभा राहून डोमाजीनं विचारलं, "पक्कं सांगा खेमराजजी. हे बालाघाट नाही ना?"

"कसं नाही काकाजी? शहर के बीचोबीच समजो!"

"मग नाही पाहिजे." डोमाजीनं धोतराचा सोगा उचलला आणि परत निघाला.

"अरे रुको, रुको! तुमची नोकरी कुठी लागली म्हनता?"

"बालाघाटात."

"अन् राह्याचं कुठी आहे?"

"बालाघाटात नाही."

खेमराजनं मदतीसाठी गोदाबाईकडे पाहिलं. ती डोमाजीची बायको. पदर खोचून, तोंड दुसरीकडे करून ती बोरीच्या झुडपाशी उभी होती.

"माह्याकडं काय पाह्यता?" ती म्हणाली. "मले कुठी राह्याचं आहे, थे कोनी इचारलं नाही अजून."

मग खेमराजनं शपथ घेतली. चुंगीचा म्हणजे जकातीचा नाका मागं राहिला, नगरपालिकेची हद्द तिथं संपली, आपण उभे आहोत ते शुद्ध रान आहे, इथं कोल्हे येतात, वगैरे सगळं खरं खरं सांगितलं. खरं बोलायची सवय नसल्यामुळे त्याला घाम आला. डोमाजीचा चेहरा मात्र उजळला. रान म्हटल्यावर प्लॉट घेणारा माणूस खेमराजनं पहिल्यांदाच पाहिला.

डोमाजी वारासिवनीच्या एका शेठकडे धानाचा पारखी होता. मूठभर धान तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि दाणा किती फुटेल ते सांगायचं, हे त्याचं काम. शेठनं बालाघाटला नवी गिरणी घातली आणि दिवाळीनंतर तिकडे जायला सांगितलं. डोमाजी हो म्हणाला. गोदाबाईही हो म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारीण काय झालं ते बघायला आली. त्यांची एकुलती एक लेक पुष्पलता बालाघाटात दिली होती.

अडचण तिथंच होती.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत पुष्कळांकडे आहे. बहुतेक लोक ती समजुतीनं पाळतात. लेकीकडे गेलं तर जेवणाच्या वेळेआधी उठतात, आणि चहा आला तर चहाला पाणी म्हणत नाहीत. डोमाजीला अशी सूट घेणं जमलं नाही. त्यानं रीत घरातून उचलली आणि गावभर पसरवली. लेकीच्या घरचंच काय, लेकीच्या गावचं पाणी नाही! बालाघाटला कामाला आला तर फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या वारासिवनीहून भरून आणी. उन्हाळ्यात तांब्या संपला तर कोरड्या तोंडानं छोट्या लाईनच्या गाडीत बसे, पण स्टेशनवरच्या नळाकडे बघत नसे. वारासिवनीत त्याचा फार मान होता. लग्नाच्या बैठकीत म्हातारे त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, "मानूस पाह्याचा तं हा." तहानेवर एवढी कीर्ती मिळवलेला दुसरा माणूस त्या भागात नव्हता.

पुष्पलताच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही.

आता ज्या गावचं पाणी प्यायचं नाही त्या गावात राहायचं कसं, या प्रश्नावर डोमाजीच्या ओसरीत बैठक बसली. चुलतभाऊ चैतराम मुख्य. तो कोर्टात दोन खटले हरलेला होता, त्यामुळे कायदा त्याला कळत असे.

"गाव म्हनजे काय?" चैतराम म्हणाला. "जिथवर चुंगी लागते तिथवर गाव. नाक्याच्या बाहेर धानाच्या बैलबंडीले चुंगी नाही, म्हनजे थे गाव नाही."

"अन् वैनगंगेचं पानी?" कोणीतरी विचारलं.

यावर बराच वेळ गेला. नदी शिवनीकडून येते, म्हणजे बालाघाटला पोचेपर्यंत ती बालाघाटची नसते. घाटावर भरलं तर मात्र होते. पुलाच्या अलीकडे उभं राहून प्यायला हरकत नाही, असा निवाडा झाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

गोदाबाई दाराआड उभी होती. ती बाहेर आली.

"मी एक इचारू का?"

"इचार ना वहिनी."

"तुमच्यापैकी पुष्पाच्या घरी कोन गेलतं?"

चैतराम टोपी झटकू लागला.

"तिच्या घरासमोर रुख्माबाईची खोली रिकामी आहे. दोन खन, मागं आंगन. पुष्पानं हाक मारली तं मले ऐकू येते. मले थे पाहिजे. नाका-बिका मले समजत नाही."

"अवं, पन पानी कुठलं पेशीन?" डोमाजी म्हणाला.

"विहिरीचं!"

"कोनत्या गावच्या?"

यावर पुन्हा सगळ्यांनी माना हलवल्या. गोदाबाई आत गेली आणि तिनं चुलीवरचा भात उतरवला नाही. भात जळला. बैठकीला आलेल्यांनी तो जळका भात खाल्ला आणि चवीबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण निवाडा झालेला होता.

दिवाळीनंतर ते गोकुळ कॉलनीत राहायला आले. खेमराजनं सांगितलेला कोल्हा पहिल्याच आठवड्यात येऊन गेला. बाकी चांगलं होतं. विहीर लांब होती, पण हद्दीबाहेर होती. व्रत डोमाजीचं होतं. पाणी गोदाबाई भरत होती. सकाळी तिनं आणलेल्या पाण्यानं तांब्या भरून डोमाजी नाक्यातून आत जाई. नाक्यावरचा कारकून विचारी, "काही माल?" डोमाजी म्हणे, "पानी." पाण्यावर चुंगी नव्हती. गिरणीत हमालांसाठी माठ ठेवलेला असे, त्याला पाठ करून तो बसे.

गोदाबाईला लेकीकडे जायचं तर ऊन डोक्यावर घेऊन जावं लागे आणि दिवस उतरायच्या आत परत यावं लागे. वारासिवनीहून गाडीनं यायला जेवढा वेळ लागे, त्याहून आता जास्त लागत होता. हे तिनं डोमाजीला सांगितलं.

"पन रोज जाता येते ना आता," डोमाजी म्हणाला.

"रोज पाय कोनाचे दुखतात?"

डोमाजीनं तिला तेल दिलं.

पंधरवड्यातून एकदा तोही बरोबर येई. तेव्हाचा सोहळा बघण्यासारखा असे, आणि गल्ली तो बघत असे. पुष्पलताची सासू विमलाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राही. मग आत जाऊन भरलेला तांब्या आणि पेला घेऊन येई आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात व्याह्याला म्हणे, "घ्या हो इहीबापू, पानी!"

"नको नको. आहे माह्याजवळ."

"अजून नाही का पेत आमच्याकडचं?"

"कसं पेनार?"

"हौ, थेही खरं. अजून कसं पेनार!" असं म्हणून विमलाबाई तांब्या तसाच परत नेई. आत पुष्पलता चुलीपाशी बसलेली असे. समोरच्या ओट्यावरच्या बाया एकमेकींकडे बघत. हिला अजून मूल नाही, हे सांगायला विमलाबाईला स्वतः काही बोलावं लागत नसे. बापच तांब्या घेऊन यायचा आणि सांगून जायचा.

जावई तेजराम कोर्टात कारकून होता. स्वभावानं गरीब, म्हणजे ज्याच्यापुढे बसेल त्याच्यासारखा. आई बोलू लागली की तो पान लावायला घेई.

माघात एकदा असंच पाणी नाकारून झाल्यावर विमलाबाई ओट्यावर टेकली आणि गोड आवाजात म्हणाली, "इहीबापू, तुमी जानकार मानूस. धान पारखता. एक गोष्ट इचारू का?"

"इचारा ना."

"कटंगीले एक पोरगी सांगून आली आहे. आमच्या तेजरामसाठी. घर चांगलं आहे. पुष्पाले आमी काढून नाही देत, राह्यल ना तीही, कामाले हात लागतातच. तुमाले काय वाटते?"

गोदाबाईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. डोमाजीनं तांब्याचं झाकण फिरवलं, वर धरून एक घोट घेतला, झाकण परत बसवलं आणि म्हणाला, "आता यावर आमी काय बोलाव? दिलेली लेक."

मग तिनं जावयाकडे पाहिलं.

"तसं सरकारी नोकरीत चालत नाही," तेजराम चुन्याचं बोट पुसत म्हणाला. "नोकरी जाते."

तो एवढंच म्हणाला. नोकरी जाते. मला नको, असं काही तो म्हणाला नाही.

परतताना गोदाबाई सगळा रस्ता बोलत होती. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. "तोंडात पानी होतं म्हनून नाही बोलले का? थुकाचं होतं! तिच्या ओट्यावर थुकाचं होतं, मंग बोलाचं होतं! धानाचा दाना फुटते थे तुमाले समजते. पोरगी फुटून राह्यली थे नाही समजत?"

"अवं, हळू बोल. नाका आला."

"येऊ द्या नाका! चुंगी घ्या म्हना माह्या तोंडावर!"

कारकून खोलीतून डोकावला आणि परत आत गेला.

चैत्रात एका सकाळी डोमाजी कडुनिंबाची काडी चावत बाहेर आला, तर घरासमोर नगरपालिकेची हातगाडी उभी होती. तिच्यावर आडवा बांबू, दोन खांब आणि कारकुनाची खुर्ची. कॉलनीच्या पलीकडे, शेवटच्या घराच्या पुढे, दोन माणसं खड्डा खणत होती.

"काय चाललं हे?"

"नाका सरकला काका," कारकून म्हणाला. तो स्वतः खुर्चीमागोमाग चालत आला होता. "हद्द वाढली. तुमी आता शहरात आले. मुबारक हो."

डोमाजीच्या तोंडातली काडी गळून पडली. रात्री तो बालाघाटच्या बाहेर झोपला होता आणि सकाळी बालाघाटात जागा झाला होता. अंगणातला रांजण भरलेला होता. काल भरलेलं पाणी कोणत्या गावचं, हे चैतरामला विचारायला हवं होतं, आणि चैतराम वारासिवनीत होता. डोमाजी त्या दिवशी काहीच प्यायला नाही. सकाळीच त्यानं खेमराजला बोलावून घेतलं.

खेमराज पेढे घेऊन आला. त्याच्या पाटीवरचा मजकूर पहिल्यांदाच खरा झाला होता. "काकाजी, भाव चढला! देखो, मी म्हनलं होतं ना, बीचोबीच!"

"खेमराजजी, याच्यापुढं काही आहे का?"

"पुढं म्हनजे?"

"पुढं. नव्या नाक्याच्या बाहेर."

खेमराजनं हातातला पेढा खाली ठेवला. "पुढं भरवेली आहे काकाजी. त्याच्यापुढं खान आहे. मंग जमिनीच्या खालतीच जा लागते."

"तिकडं पाह्य एखादा तुकडा."

गोदाबाई विहिरीवरून येत होती. डोक्यावर दोन घागरी, कडेवर कळशी. शेवटचं वाक्य तिनं ऐकलं. घागरी खाली ठेवायला ती थांबली नाही. मान तिरकी केली आणि दोन्ही अंगणात पडू दिल्या. मातीची फुटली, पितळी गडगडत पाटीपर्यंत गेली. कळशी तिनं हातानं उपडी केली.

"जा," ती नवऱ्याला म्हणाली. "भरवेलीले जा, बैहरले जा. जिथं कोनाची लेक दिली नसन अशा गावाले जा. मी चालली."

"कुठी?"

"जेवाले."

आणि ती नाका न ओलांडताच शहराकडे गेली, कारण मध्ये आता नाका नव्हताच.

भर दुपारी ती पुष्पलताच्या दारात पोचली तेव्हा केस सुटले होते आणि लुगडं अजून ओलं होतं. विमलाबाईनं रीतीप्रमाणे तांब्या आणला. हात पुढे केला आणि सवयीनं लगेच मागे घेऊ लागली. तो हात मध्येच अडला. गोदाबाईनं तांब्या धरला होता.

तिनं तो तोंडाला लावला आणि वरून न ओतता, थेट तोंड लावून, घटाघटा सगळा रिकामा केला.

"आनखी आना," ती म्हणाली.

विमलाबाई रिकाम्या तांब्यात बघत राहिली. समोर रुख्माबाई ओट्यावर बसली होती. ती उठून उभी राहिली.

"इहीनबाई, आनखी आना म्हनलं. अन् भात असन तं वाढा."

"अवं, पन रीत..."

"रीत माही होती ना? माही मी पेऊन टाकली. आता आयका. कटंगीले पोरगी पाह्याले जासान तवा मले पन न्या. पोरीच्या मायबापाले सांगाव लागन ना कोनीतरी, की जवाई सरकारी नोकर आहे, जोवर आहे तोवर आहे. मंग मी कोर्टात जाईन. मोठ्या साहेबाच्या पायरीवर बसीन. तिथं मले पानी कोनी नाही इचारलं तरी चालन."

तेजराम जेवायला घरी आला होता. त्यानं हातातलं पान खाली ठेवलं. "माय," तो आईला म्हणाला, "मी पहिलेच म्हनलं होतं, थे नको म्हनून."

तो असं कधीच म्हणाला नव्हता. पण आता म्हणाला, आणि लगेच कोर्टात गेला.

स्वयंपाकघरात पुष्पलतानं पाट मांडला. ताट ठेवलं. भात वाढला तो पळीनं आपटून. गोदाबाईला वाटलं होतं पोरगी रडेल, गळ्यात पडेल. पोरीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"आज काहून?" पुष्पलता म्हणाली.

"तहान लागली होती."

"सहा वर्षं नव्हती लागली?"

"लागली होती वं."

"मंग?"

"तुह्या बाबाचं..."

"बाबाचं नाव नको सांगू. बाबानं तुह्या तोंडाले कुलूप लावलं होतं का? थे आले नाही तवा तू एकलीच येत होती. माह्या बाजूले, इथं, चुलीपाशी बसत होती. मी तवाही पानी देत होती ना? तू काय म्हनत होती? 'आत्ताच पेली माय.' चालत येत होती उन्हात, ओठ फाटले होते, अन् म्हने आत्ताच पेली!"

गोदाबाई खाली मान घालून भात कालवत राहिली.

"माह्या पोटातलं गेलं, दुसऱ्या वेळी, तवा तू रातभर पाय चेपले. अन् सकाळी भुकी गेली. मले वाटलं, माही मायही मले धरत नाही."

"चुकलं," गोदाबाई म्हणाली.

"हौ. चुकलं." पुष्पलतानं आणखी भात वाढला, मागितला नसताना. "खा आता."

गोदाबाईनं सगळा खाल्ला. तिला तो जात नव्हता.

संध्याकाळी ती रुख्माबाईकडे खोली बघायला गेली. बघायचं काही नव्हतं. सहा महिने ती डोळ्यांपुढे होती.

"किती मानसं?" रुख्माबाईनं विचारलं.

"एक."

"अन् मालक?"

"त्यायचं गाव अजून ठरलं नाही."

वैशाखापर्यंत डोमाजीनं दम धरला. खिचडी शिजवायला तो शिकला. पाणी भरायला मात्र शिकला नाही. त्यासाठी एक गडी ठेवला, आणि तो गडी पाणी कोणत्या विहिरीचं आणतो हे विचारायचं डोमाजीनं टाळलं. वारासिवनीला गोष्ट पोचलीच होती. चैतराम येऊन म्हणाला, "बायकोनं पानी पेलं म्हनजे अर्ध तूच पेलास. धर्मानं पाह्यलं तं." डोमाजीनं त्याला खिचडी वाढली नाही.

एका दुपारी तो गिरणीतून परस्पर लेकीकडे आला. बायकोला घेऊन जायचं हे ठरवूनच. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तांब्या वाटेतच संपला होता. ओट्यावर तो बसला, टोपीनं वारा घेतला आणि पाणी विचारलं जाण्याची वाट बघू लागला. 'नको माय' हे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते.

पुष्पलता दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. विमलाबाई आत होती. ती बाहेर आली नाही. कटंगीचं बोलणं संपल्यापासून तिला ओट्यावर यायला फारसं कारण उरलं नव्हतं.

"बसा," पुष्पलता म्हणाली. एवढंच.

"तुही माय कुठी आहे?"

"समोर."

"बोलाव तिले."

"दार उघडं आहे. तुमीच जा."

डोमाजी थांबला. सुपातला खडा तिनं उचलून गल्लीत टाकला. आणखी एक टाकला. आतून माठावरचं झाकण वाजलं, कोणीतरी पाणी घेत होतं. डोमाजीनं घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला.

"तुमच्याकडं आल्या मानसाले पानी इचारत नाही का आता?"

"इचारतो."

"मंग?"

"तुमाले लय वर्षं इचारलं बाबा. साऱ्या गल्लीले ऐकू येईल असं इचारलं. आता नाही इचारनार. पाहिजे असन तं मागा."

"बापानं लेकीले पानी मागाव?"

"हौ."

"तुले लाज नाही वाटत?"

"लय वाटली. संपली."

डोमाजी उठला. त्यानं टोपी डोक्यावर दाबली. "लय मोठी झाली!" एवढं म्हणून तो गल्लीतून ताडताड निघाला. बायकोच्या उघड्या दाराकडे त्यानं पाहिलं नाही.

गल्लीच्या टोकाला, किराणा दुकानाच्या सावलीत, कोणी धर्मवान माणसानं उन्हाळ्यासाठी प्याऊ, म्हणजे पाणपोई, लावला होता. ओली वाळू, तिच्यात लाल रांजण, मागे स्टुलावर एक पेंगणारा म्हातारा. पावलांचा आवाज ऐकून म्हाताऱ्यानं डोळेही नीट उघडले नाहीत. कोण, कुठला, लेक कुठं दिली, काही विचारलं नाही. सवयीनं लांब दांड्याचा डोवा रांजणात बुडवून पुढे धरला. डोमाजी थांबला. त्यानं मागे न बघता दोन्ही हातांची ओंजळ केली आणि खाली वाकला. म्हातारा ओतत होता आणि डोमाजी पीत होता. अंगरखा छातीवर भिजला तरी पीत होता.

पुष्पलता दारातून बघत होती. सूप तिच्या मांडीवरून खाली पडलं आणि निवडलेले तांदूळ ओट्यावर सांडले. ती उभी राहिली. विमलाबाईलासुद्धा कधी जमला नव्हता अशा आवाजात ती ओरडली :

"माय! बाहेर ये वं, पाह्य! बाबा बालाघाटचं पानी पेऊन राह्यले! कोनाच्याही हातचं पेतात वं, फक्त माह्या हातचं नाही!"

दुपारची वेळ होती. तरी गल्लीतली दारं एकेक करून उघडली. रुख्माबाई बाहेर आली, विमलाबाई बाहेर आली, आणि समोरच्या खोलीतून, हात पुसत, गोदाबाई आली. डोमाजी वाकलेलाच होता. म्हाताऱ्यानं नुकताच पुन्हा डोवा रिता केला होता. भरलेली ओंजळ तोंडापाशी धरून तो तसाच उभा राहिला. त्याला ती पिता येईना, आणि सगळ्यांच्या देखत सोडताही येईना.